इजा, बिजा, तिजा: माझ्या डिसॅबिलिटी केसच्या वकिलाची फी, पै-पैच्या हिशेबासकट

सेवा: डिसॅबिलिटी (आजारामुळे काम करता येत नसेल तर सरकारकडून महिन्याला मिळणारे पैसे) नाकारल्यावर फेडरल कोर्टात दाद मागणारे वकील. राज्य: न्यू जर्सी. माझ्याकडून तारे: पाचपैकी चार.

चौदा वर्षं मी एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्स पेएबल सांभाळलं. कुणाचं बिल आलंय, त्यात काय काय घुसडलंय, खरं किती नि फुगवलेलं किती, ते बघायचं आणि मग चेक काढायचा. त्यामुळे वकिलांच्या ऑफिसातून फोनवर ‘आमची फी पंचवीस टक्के’ असं ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून आधी ‘कशाचे?’ एवढंच निघालं. पलीकडची मुलगी म्हणाली, ‘तुम्हाला जे मिळेल त्याचे.’ हे उत्तर अर्धवट होतं. पूर्ण उत्तर हाती यायला जवळजवळ तीन वर्षं गेली, आणि हे परीक्षण त्या पूर्ण उत्तराचं आहे.

वकिलांचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सगळे त्यांनाच फोन लावणार, आणि ते आहेत त्या अशिलांचेच फोन उचलत नाहीत. एक तारा तिथेच कापलाय.

आधी माझी कथा, थोडक्यात. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडचा आमवात. सकाळी अकरापर्यंत बोटं वळत नाहीत. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला शेजारीण लागते आणि कीबोर्डवर दहा मिनिटं बसले की मनगटं गरम होतात. मार्च 2019 मध्ये नोकरी सुटली, तेव्हा मी 46 वर्षांची होते. ऑगस्टमध्ये सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडे डिसॅबिलिटीचा अर्ज केला. सांगलीत बँकेत केलेली चार वर्षं त्यात धरत नाहीत, कारण भारताशी अमेरिकेचा तसा करारच नाही. पण इथली चौदा वर्षं पुरेशी होती. डिसेंबरमध्ये नकार आला. 2020 च्या जूनमध्ये फेरविचाराचाही नकार आला. मग टीव्हीवर ज्यांची जाहिरात दर अर्ध्या तासाला लागते अशा एका कंपनीला फोन केला. त्यांनी प्रतिनिधी नेमायच्या फॉर्म 1696 वर सही घेतली. त्यानंतर दर वेळी फोनवर वेगळा माणूस, आणि दर वेळी मी माझा आजार पहिल्यापासून सांगायचा.

फेब्रुवारी 2021 मध्ये, कोविडच्या दिवसांत, सोशल सिक्युरिटीच्याच प्रशासकीय न्यायाधीशांपुढची सुनावणी फोनवरच झाली. माझ्या बाजूचा वकील सुनावणीच्या वीस मिनिटं आधी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. सुनावणीत एक व्होकेशनल एक्स्पर्ट असतो. तुमच्यासारख्या माणसाला देशात कुठली कामं करता येतील, हे तो सांगतो. त्यानं माझ्यासाठी शोधलेलं एक काम होतं ‘ॲड्रेसर’, म्हणजे लिफाफ्यांवर हातानं किंवा टाइपरायटरवर पत्ते घालणारी बाई. तेव्हा मी फोनचा रिसीव्हर खांद्यानं धरून बसले होते, कारण बोटांत धरवत नव्हता. ज्या सरकारी कोशातून हे काम आलं, तो 1991 नंतर नव्यानं निघालेलाच नाही. नवरा बाजूच्या खुर्चीवर होता. तो हळूच म्हणाला, ‘टपाल खात्यात सांगू का, माझी बायको मोकळी आहे म्हणून?’

एप्रिलमध्ये नकार आला. अपील्स काउन्सिलनं, म्हणजे सोशल सिक्युरिटीतल्याच वरच्या पायरीनं, डिसेंबर 2021 मध्ये प्रकरण हाती घ्यायलाच नकार दिला. त्यांच्या पत्राबरोबर कंपनीचंही दोन ओळींचं पत्र आलं: आम्ही फेडरल कोर्टाची कामं घेत नाही, तुमच्याकडे साठ दिवस आहेत, शुभेच्छा.

साठ दिवस. काउन्सिलचं पत्र टपालानं पोचल्यापासून मोजायचे, आणि पोचायला पाच दिवस लागले असं धरतात. नाताळ आणि नवं वर्ष त्यातच जातं. मी सात वकिलांना फोन केले. तिघांनी फाइल न बघताच नाही म्हटलं. एकानं तासाचा दर सांगितला, तो मी इथे लिहीत नाही, उगाच कुणाला धाप लागायची. दोघांनी उलट फोनच केला नाही. सातव्यानं मात्र ‘कागद पाठवा’ म्हटलं आणि न्यायाधीशांचा निकाल वाचून तीन दिवसांनी स्वतः फोन केला. म्हणाले, ‘सतराव्या पानावरचा एक शब्द चुकलाय.’ तेच आमचे वकील.

त्या शब्दाबद्दल सांगते, कारण फी कशाची देतोय ते त्याशिवाय कळत नाही. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की मी हातांचा वापर ‘फ्रिक्वेंटली’ करू शकते. आपल्याला वाटतं, म्हणजे अधूनमधून बऱ्यापैकी. सोशल सिक्युरिटीच्या भाषेत त्याचा अर्थ आहे दिवसाच्या दोन-तृतीयांश वेळेपर्यंत. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं ‘ऑकेजनली’, म्हणजे जास्तीत जास्त एक-तृतीयांश. डॉक्टरांचं मत बाजूला ठेवायचं असेल तर त्या मताला आधार काय होता आणि ते बाकीच्या कागदांशी जुळतं की नाही, हे न्यायाधीशांनी समजावून लिहायला हवं, असा 2017 पासूनचा नियम आहे. आमच्या न्यायाधीशांनी ‘पटत नाही’ एवढंच लिहिलं होतं. माझ्या पाच वर्षांच्या पैशांचं भवितव्य या दोन शब्दांमधल्या फरकावर लटकलेलं होतं आणि टीव्हीवाल्या कंपनीत ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

आता करार. सांगलीला माझा मामा आहे, चाळीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केलेला. त्याला फोनवर सांगितलं की हरलो तर वकिलाला काही द्यायचं नाही, जिंकलो तर थकबाकीच्या, म्हणजे तोवर साठलेल्या मागच्या हप्त्यांच्या, पंचवीस टक्के. मामा गप्पच झाला. मग म्हणाला, ‘अगं, निकालावर फी? आपल्याकडे असं लिहून दिलं तर सनद जाईल.’ खरंच आहे ते. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत अशी फी सरळ सरळ मना आहे. मामाचं म्हणणं, वकील अशिलाच्या फायद्यात भागीदार झाला की त्याची नजर बदलते. माझं म्हणणं, घरात पगार येत नसताना तासाचे पैसे मागणाऱ्या वकिलाकडे मी बघूसुद्धा शकत नाही. या वादात आम्ही दोघंही अजून आपापल्या जागी आहोत.

इथल्या काँग्रेसलाही मामासारखीच भीती होती. साठच्या दशकात काही वकील थकबाकीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घेत होते. म्हणून 1965 मध्ये कायदा केला: कोर्टातल्या कामाची फी थकबाकीच्या पंचवीस टक्क्यांच्या वर नाही, तीही कोर्ट मंजूर करेल तेवढीच. त्याबाहेर एक डॉलर घेतला तर तो गुन्हा, आणि त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे वाचून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

थोडाच पडला, कारण करारात दोन वेगवेगळे परिच्छेद होते. एक सोशल सिक्युरिटीपुढच्या कामाचा, एक कोर्टातल्या कामाचा. दोन्हींत ‘पंचवीस टक्के’ होतं. मी चौदा वर्षं बिलं तपासलीत. एकच आकडा दोन ओळींत दिसला की माझा हात थांबतो. मी विचारलं, ‘हे पंचवीस आणि हे पंचवीस मिळून पन्नास होतात का?’ वकील हसले, पण उत्तर सरळ दिलं. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये कल्बर्टसन खटल्यात एकमतानं सांगितलंय की कोर्टाच्या फीची पंचवीस टक्क्यांची मर्यादा फक्त कोर्टाच्या फीलाच लागते. खालच्या, म्हणजे सोशल सिक्युरिटीपुढच्या, कामाची फी तिच्यात मोजत नाहीत. म्हणजे तत्त्वतः दोन्ही मिळून पंचवीसच्या वर जाऊ शकतात. सोशल सिक्युरिटी मात्र थकबाकीतून पंचवीस टक्केच अडवून ठेवते. वरचे लागले तर वकिलानं ते अशिलाकडून वसूल करायचे.

मी म्हटलं, ‘मग इथे एक ओळ वाढवा. सगळं मिळून पंचवीसच्या वर नाही.’ त्यांनी पेन काढून हातानं लिहिलं, खाली सही केली. मिनिटभराचं काम. त्या ओळीनं माझे 7,200 डॉलर वाचले. तुमचा करार कुणाशीही असो, ती ओळ मागून घ्या. जो नाही म्हणेल, त्याला का नाही ते विचारा.

फेब्रुवारी 2022 मध्ये दावा दाखल झाला. दाखल करायची कोर्ट फी 402 डॉलर, ती माझ्या खिशातून. ज्यांच्याकडे खरंच काही नाही त्यांना ती माफ होते. आमच्याकडे नवऱ्याचा पगार होता, त्यामुळे आम्ही त्यात बसलो नाही. मला वाटत होतं, ट्रेंटनला जावं लागेल, साडी की सूट हा प्रश्न पडलेला. काही नाही! कुणी बोलावलंच नाही. या केसेस कागदांवर चालतात. नवा पुरावा नाही, साक्ष नाही. सोशल सिक्युरिटीच्या 1,140 पानांच्या फाइलीतून सगळं भांडायचं. आमच्या वकिलांनी 28 पानं लिहिली, सरकारी वकिलांनी 19, मग आमची उत्तराची 9. जून 2023 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला की ‘फ्रिक्वेंटली’ कुठून आलं ते समजावलेलं नाही, प्रकरण परत पाठवा.

जिंकलो म्हणजे पैसे मिळाले असं नाही. जिंकलो म्हणजे प्रकरण परत गेलं, आणि तेही त्याच पहिल्या न्यायाधीशांकडे.

आता शीर्षकाकडे येते. वकिलांच्या तोंडी एक शब्द सारखा यायचा: ‘ईजा’. मला आधी वाटलं, माझ्या हातांबद्दल बोलताहेत. ते होतं एका कायद्याचं आद्याक्षरी नाव, इक्वल ॲक्सेस टू जस्टिस ॲक्ट, 1980 चा. पुढे फी तीन वेळा, तीन वाटांनी आली. मी वहीत ओळी घातल्या: इजा, बिजा, तिजा.

इजा. सरकारविरुद्ध कोर्टात जिंकलात आणि सरकारची बाजू पुरेशी समर्थनीय नव्हती असं ठरलं, तर तुमच्या वकिलाचे तास सरकारनं भरायचे. मालमत्ता 20 लाख डॉलरच्या आत हवी, यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. कायद्यातला दर 1996 पासून तासाला 125 डॉलर आहे आणि त्यावर महागाई लावतात. आमच्या वेळी तो 235 च्या आसपास गेला होता. वकिलांनी साडेचौतीस तास दाखवले. मी तासांचा तक्ता मागवून घेतला. ‘फाइल वाचणे, 11.2 तास’ वगैरे. 1,140 पानं 11.2 तासांत म्हणजे तासाला शंभरावर पानं. फुगवलेलं नव्हतं. मला वाटतं, थोडं कमीच लिहिलं होतं. सरकारी वकिलांशी घासाघीस होऊन 7,800 वर तोडगा निघाला. माझे 402 डॉलरही खर्च म्हणून वेगळे परत आले.

सुप्रीम कोर्टानं 2010 च्या रॅटलिफ खटल्यात सांगितलंय की हे पैसे वकिलाचे नसतात, अशिलाचे असतात. म्हणून तुमच्या नावावर सरकारचं जुनं देणं असेल तर ते आधी त्यातून कापलं जातं. माझं देणं नव्हतं. करारात मी ते पैसे वकिलांच्या नावे करून दिलेले होते. त्यामुळे नोव्हेंबर 2023 मध्ये ते थेट त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, चला, वकिलांचं मिटलं. कुठलं मिटतंय.

बिजा. एप्रिल 2024 मध्ये दुसरी सुनावणी. तेच न्यायाधीश, नवा व्होकेशनल एक्स्पर्ट. या वेळी प्रश्न ‘ऑकेजनली’ धरून विचारला गेला आणि एक्स्पर्ट म्हणाला, असं एकही काम नाही. बाविसाव्या मिनिटाला फोन बंद. जूनमध्ये निकाल माझ्या बाजूनं. त्याच महिन्यात सोशल सिक्युरिटीनं त्या जुन्यापुराण्या नोकऱ्यांची यादी काढून त्यांचा दाखला देण्यावर बंधनं घातली. मला तीन वर्षं उशीर झाला, पण असो.

या पायरीवरच्या कामाची ठरीव फी वेगळ्या मर्यादेत असते: थकबाकीच्या पंचवीस टक्के किंवा ठरलेला आकडा, यातलं जे कमी असेल ते. हा आकडा 2009 पासून 6,000 होता, नोव्हेंबर 2022 च्या अखेरीला 7,200 झाला आणि नोव्हेंबर 2024 च्या अखेरीला 9,200. माझा निकाल मधला, म्हणून 7,200. एक गंमत म्हणजे या फीतून सोशल सिक्युरिटी स्वतःची 6.3 टक्के दस्तुरीही कापते, एका मर्यादेपर्यंत. ती वकिलाच्या वाट्यातून जाते, आपल्याकडून घ्यायची नसते. कुणी घेतली तर भांडा.

इथे वकिलांचं एक काम मला फार आवडलं. टीव्हीवाली कंपनी कागदोपत्री अजून माझी जुनी प्रतिनिधी होती. तिनं फीवरचा हक्क सोडला नसता तर सगळा सरळ मार्ग बंद होऊन दोघांनाही वेगवेगळे अर्ज करावे लागले असते. वकिलांनी दुसऱ्या सुनावणीच्या आधीच त्यांच्याकडून ‘फी नको’ असं लेखी घेतलं. कंपनी हातातले पैसे सोडायला तयार कशी झाली, ते मी विचारलं नाही.

तिजा. ऑगस्ट 2024 मध्ये अवॉर्ड लेटर, म्हणजे पैसे मंजूर झाल्याचं पत्र, आलं. सप्टेंबर 2019 पासून मे 2024 पर्यंत 57 महिने. आजार मार्चपासूनचा, पण पहिले पाच पूर्ण महिने देतच नाहीत. सुरुवातीला महिना 1,500, दर वर्षी महागाईची वाढ धरून शेवटी 1,833. बेरीज 93,234 डॉलर. मी ती दोनदा स्वतः करून पाहिली, बरोबर आली. त्यातून पंचवीस टक्के, म्हणजे 23,308 डॉलर 50 सेंट, अडवून ठेवले होते. माझी मुलगी अर्जाच्या वेळीच 18 च्या पुढे गेलेली, नाहीतर तिलाही माझ्या नावावर काही मिळालं असतं. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवा: मुलांच्या थकबाकीतूनही हे पंचवीस टक्के अडवतात.

हे पत्र त्याच दिवशी स्कॅन करून वकिलांना पाठवा. माझं तीन दिवस टेबलावर पडून राहिलं आणि वकिलांच्या आवाजात मी पहिल्यांदा घाई ऐकली. आपल्या भागातल्या, म्हणजे न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया आणि डेलावेअरच्या, अपील कोर्टानं कोर्टाच्या फीच्या अर्जाला चौदा दिवस ठरवलेत, आणि ते अवॉर्डच्या नोटिशीपासून धावायला लागतात.

त्या अर्जाची प्रत मला आली. 23,308.50 वजा 7,200, मागणी 16,108.50. माझी हातानं लिहून घेतलेली ओळ पानाच्या तळाशी जोडपत्र म्हणून होती. साडेचौतीस तासांना 16,108.50 म्हणजे तासाला 467 डॉलर पडले. हा आकडा न्यायाधीश बघतातच. 2002 च्या गिसब्रेख्ट निकालात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलंय की आधी करार बघायचा, मग तो रास्त आहे का ते तपासायचं. कामाच्या मानानं घबाड मिळत असेल किंवा वकिलानंच वेळ काढून थकबाकी वाढवली असेल, तर फी कापायची.

हा वेळ काढण्याचा मुद्दा मला फार दिवस टोचत होता. केस एक महिना रखडली की माझ्या थकबाकीत सतराशे-अठराशे वाढतात, म्हणजे वकिलांचेही साडेचारशेच्या आसपास वाढतात. मला तेव्हा घरभाडं द्यायचंय, त्यांचा मीटर चालू आहे. मामाची शंका हीच होती. म्हणून मी कोर्टाच्या नोंदवहीतल्या तारखा काढून बघितल्या. मुदतवाढ तीनदा मागितली गेली, तीनही वेळा सरकारी बाजूनं. आमच्या वकिलांनी एकदाही नाही. हे त्यांच्या खात्यात जमा.

सरकारनं अर्जाला ना पाठिंबा दिला ना विरोध केला. न्यायाधीशांनी पावणेदोन पानांत पूर्ण मागणी मंजूर केली आणि शेवटी लिहिलं: ईजाचे 7,800 अशिलाला परत करावेत. नियमच तसा आहे. एकाच कामाची फी दोन ठिकाणांहून आली, तर दोन्हींपैकी लहान रक्कम अशिलाची. म्हणजे इजा सरकारनं भरली ती अखेर माझ्यासाठी. दुसऱ्या सुनावणीत मी हरले असते, तर तिजा नसती आणि ते 7,800 वकिलांकडेच राहिले असते.

माझ्या वहीतलं पान असं आहे. 7,200 अधिक 16,108.50 म्हणजे 23,308.50. वजा 7,800. माझ्या खिशातून गेले 15,508 डॉलर 50 सेंट. थकबाकीच्या 16.6 टक्के. ती ओळ घातली नसती, कोर्टानं पूर्ण पंचवीस टक्के मंजूर केले असते आणि त्यांनी वरचे मागितले असते, तर 22,708.50 गेले असते. आणि टीव्हीवाल्या कंपनीनं 2021 मध्येच जिंकून दिलं असतं तर? तेव्हाची थकबाकी 28,960, फी मर्यादेनुसार 6,000, आणि माझे पुढचे तीन वर्षांचे हप्ते महिन्याच्या महिन्याला. तो हिशेब मी मुद्दाम पेन्सिलनं लिहिलाय, कारण तो बघितला की झोप उडते.

महिन्याच्या चालू पैशांतून वकील काही घेत नाहीत, मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातूनही नाही. फी फक्त थकबाकीवर. सप्टेंबर 2021 पासूनचं मेडिकेअर मला मागच्या तारखेनं मिळालं, त्याची किंमत या हिशेबात कुठेच नाही. या आजाराच्या इंजेक्शनांची बिलं ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल.

आता पाचव्या ताऱ्याचं. कोर्टाचा आदेश आला, सोशल सिक्युरिटीनं 16,108.50 वकिलांना पाठवले, त्याची सूचना मला आली. 7,800 चा चेक? पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. मी ईमेल केला. उत्तर आलं, ‘प्रक्रियेत आहे.’ पाचव्या आठवड्यात पुन्हा केला, या वेळी आदेशाची ती ओळ पिवळ्या रंगात रंगवून. सातव्या आठवड्यात चेक आला, सोबत ना पत्र ना दिलगिरी. त्यांना पैसे खायचे होते असं मी म्हणणार नाही, बहुधा कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला असेल. पण मी जिथे नोकरी करत होते तिथे पुरवठादाराचा चेक सात आठवडे अडकला असता, तर मला वरून बोलावणं आलं असतं. आणि ज्याला हा परताव्याचा नियमच माहीत नाही, तो ईमेल तरी कशाचा करणार?

फोनचंही तसंच. तीन वर्षांत वकील स्वतः माझ्याशी सहा वेळा बोलले. प्रत्येक वेळी मुद्द्याचं, प्रत्येक वेळी खरं. मध्ये रिसेप्शनवरची ‘कळवते’ची भिंत. कोर्टात प्रकरण पडून असताना सांगण्यासारखं काही नसतं, हे मला आता कळतंय. तेव्हा कुणी एवढंच जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आणखी एक, यात वकिलांचा दोष नाही. पुढच्या जानेवारीत सोशल सिक्युरिटीचा 1099, म्हणजे वर्षभरात दिलेल्या पैशांचा करासाठीचा कागद, आला तो फी वजा न करता. म्हणजे माझ्या हातात कधीच न आलेले पैसेही माझं उत्पन्न म्हणून लिहिलेले. थकबाकी मागच्या ज्या त्या वर्षांत वाटून कर काढायची सोय आहे, ती मी वापरली. दोन रविवार गेले, जेवणाचं टेबल कागदांनी भरलं, नवऱ्यानं दोन्ही रविवारी पिठलं केलं. फी मात्र खर्च म्हणून वजा करता आली नाही.

चेक जमा केला त्या दिवशी मामाला पूर्ण हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवला, वहीच्या पानाचा फोटो काढून. बोटं धड नव्हती, त्यामुळे फोटो हलला होता. दोन तासांनी मामाचं उत्तर आलं: ‘16.6 ठीक. पण हातानं वाढवलेल्या ओळीवर तारीख घातली होती का?’

घातली नव्हती.